पिंपळवाडीची फेरतपासणी

लातूरला कुणी हौसेनं फिरायला जात नाही. नांदेडला माणसं दर्शनाला येतात, लातूरला पोरांना क्लासला घालायला येतात, आणि तिथून पुढं एखाद्या खेड्यात कुणी बाहेरचं गेलंच तर ते सरकारी कामासाठी. मी त्या शेवटच्या प्रकारातली. तेव्हा मी पुण्यातल्या एका संस्थेत नोकरीला होते. सरकारनं दारिद्र्यरेषेची नवी पाहणी केली होती आणि तिच्यातल्या काही गावांचे कागद पुन्हा तपासून द्यायचं काम आमच्या संस्थेकडं आलं होतं. लातूरच्या भूकंपाला दहा वर्षं होत आली होती. महिना मे. ऑफिसातल्या शहाण्या माणसांनी आपापल्या घरची लग्नं पुढं केली आणि बिनलग्नाची म्हणून मला पाठवलं.

परत आल्यावर मी दिलेल्या अहवालाचं कौतुक झालं. नेटका होता, आकड्यांत कुठं खाडाखोड नव्हती. त्यात जे लिहायला रकाना नव्हता ते इथं लिहिते. गावाचं नाव बदललं आहे, माणसांचीही.

नांदेड

संस्थेनं जीप नांदेडहून भाड्यानं ठरवली होती म्हणून मी रेल्वेनं तिथं उतरले, आणि जीपबरोबर रहीमभाई आले. आजोबा टांग्याची चाकं करायचे, वडील रिक्षा दुरुस्त करायचे, आणि रहीमभाई गेली तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवत होते. बारीक अंगाचे, मेंदी लावलेली दाढी, बोलायला मोकळे. मी साताऱ्याकडची. आमच्याकडं अनोळखी माणसाशी पहिल्या तासात कुणी घरचं बोलत नाही. रहीमभाईंनी स्टेशनपासून गोदावरीच्या पुलापर्यंत मला त्यांच्या तिन्ही सुनांचे स्वभाव सांगून टाकले.

मागच्या सीटवरचे गठ्ठे कसले, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, प्रत्येक घराचा एक कागद, त्यावर तेरा प्रश्न. जमीन किती, घर कसलं, अंगावरचे कपडे किती, दोन वेळचं जेवण मिळतं का, घरात पंखा आहे का, पोरं शिकतात की मजुरी करतात. प्रत्येक उत्तराला शून्यापासून चारपर्यंत गुण. ज्याला कमी गुण तो जास्त गरीब. गावाला दारिद्र्यरेषेची कार्डं किती द्यायची ते वरून ठरून आलेलं, म्हणून सगळ्यात कमी गुणवाल्यापासून मोजत जायचं आणि कार्डं संपली की थांबायचं.

"म्हंजे जो नापास तो पास?" रहीमभाई म्हणाले. "मग मॅडम, हे कागद लातुरात झाकून ठिवा. तिकडं एकेका गुणासाठी लोक रडून राहिले."

गरीब ओळखायला तेरा प्रश्न कशाला लागतात, हे त्यांना काही केल्या पटेना. त्यांची स्वतःची एकच खूण होती. ज्या दारात कुत्रं बसत नाही ते घर गरीब. ज्या घरात उरतं तिथंच कुत्रं बसतं, आणि ते कधी चुकत नाही. मी हसले आणि म्हणाले, कुत्र्याची सही सरकारला चालत नाही. ते म्हणाले, ती बी चालंल एक दिवस.

लोहा

लोह्याला न्याहारीला थांबलो. "सुशीला खाता का?" रहीमभाईंनी विचारलं आणि मी गोंधळून हॉटेलच्या मालकिणीकडं बघत राहिले. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी, वरून शेंगदाणे आणि कोथिंबीर. आमच्याकडं चुरमुरे भेळेपुरते; त्यांची अशी पोटभर न्याहारी होते हे मला ठाऊक नव्हतं. दोन प्लेटा खाल्ल्या. पुढं अहमदपूरच्या घाटापर्यंत दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी जमीन होती. बांधावर तुराट्यांचे भारे रचलेले, झाडं थोडी, आणि वारा इतका गरम की मी ओढणी ओली करून तोंडावर घेतली. पाच मिनिटांत ती वाळायची. रहीमभाई रस्त्याकडेच्या घरांकडं बोट दाखवून "कुत्रं हाय", "कुत्रं न्हाई" असं सांगत होते. सुरुवातीला मला गंमत वाटली. चाकूर येईपर्यंत मी नको म्हणाले.

लातूर

आमच्याकडं चौकाचौकांत पुढाऱ्यांचे फोटो असतात. लातुरात पोरांचे होते. तीन मजले उंच फलकांवर चष्मेवाली, तेल लावून भांग पाडलेली पोरं, आणि प्रत्येकाच्या तोंडाखाली त्याचे गुण. लॉजच्या मॅनेजरनं नाव लिहिण्याआधी विचारलं, मुलगा की मुलगी, आणि कुठल्या क्लासला? मी म्हटलं, मी गरिबी तपासायला आलेय. त्यानं रजिस्टरात कारण म्हणून "ॲडमिशन" लिहिलं आणि किल्ली दिली.

जेवायला मॅनेजरनं मागच्या गल्लीतली मेस सांगितली. पत्र्याची लांब शेड, सतरंज्या, आणि पाठीवर दप्तरं तशीच ठेवून भराभर जेवणारी पोरं. दाराजवळ एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी पोळ्या लाटत बसली होती. बाहेर चपलांचा गलका झाला की ती मान वर न करता आतल्या बाईला सांगे, "फिजिक्सची बॅच सुटली, वरण वाढवा." त्या चपलांवरून तिला बॅच कशी कळायची कोण जाणे.

जेवता जेवता रहीमभाईंनी मेसवाल्या मावशींना पिंपळवाडीचा रस्ता विचारला. निलंग्याच्या अलीकडून आत जातो का, असं काहीतरी. त्या मुलीचं लाटणं थांबलं. आम्ही हात धुवायला नळावर गेलो तर ती पीठ लागल्या हातांनीच मागं आली.

तिचं नाव अनिता. पिंपळवाडीचीच. भूकंपात वडील आणि मोठा भाऊ गेले. ती सात वर्षांची होती, अंगणात आजीजवळ निजली होती म्हणून वाचली. आई, कौसाबाई, तुळईखाली सापडली. तेव्हा छावणीत आलेल्या डॉक्टरांनी तिच्या मांडीच्या हाडात सळई घातली आणि दोन वर्षांनी काढायला सांगितलं. ती अजून आतच होती. आता पाय सुजायचा, शेतातलं काम अर्ध्या दिवसाच्या वर होत नव्हतं. सरकारी दवाखान्यानं कार्ड आणायला सांगितलं होतं, ते असलं तर सगळं फुकटात होणार. पण पहिल्या पाहणीत कौसाबाईचं नाव लागलं नव्हतं.

हे सांगून झाल्यावरही ती गेली नाही. दहावीला चांगले गुण पडले म्हणून आईनं तिला लातूरला पाठवलं होतं. दिवाळीपर्यंत ती कॉलेजला आणि क्लासला गेली. मग फी राहिली, क्लासनं बसू देणं बंद केलं, आणि जिथं जेवायची त्याच मेसमध्ये ती कामाला लागली. घरी काही सांगितलं नाही. आई सगळ्या गावाला सांगत होती की पोरगी डॉक्टरकीचा क्लास करते.

"मॅडम, यादीत आईचं नाव तेवढं बघा," ती म्हणाली. "आन् मी इथं भेटले म्हणून सांगू नका. भेटले म्हणायचंच असलं तं क्लासच्या दारात भेटले म्हणा."

मी दोन्हीला हो म्हणाले. दोन्ही गोष्टी मला सोप्या वाटल्या होत्या.

पिंपळवाडी, पहिला दिवस

जुनं गाव रस्त्याच्या डाव्या हाताला, दगडांचा ढीग आणि त्यावर वाढलेल्या बाभळी. नवं गाव तिथून दोनेक किलोमीटरवर, माळावर. सरळ रेषेत घरं, एकसारखी, दारांवर आकडे, मधून रुंद रस्ते. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बायका आता एकमेकींना हाक मारायला रस्ता ओलांडून जात. आणि त्या पक्क्या घरांत माणसं फारशी राहतच नव्हती. दारापुढं पत्र्याचं नाहीतर पाचटाचं छप्पर, तिथंच चूल, तिथंच बाज. सिमेंटच्या खोलीत कडबा, पेंडीची पोती आणि देव. छताखाली झोप येत नाही म्हणाले.

ग्रामसेवक तरुण आणि बरा होता. त्यानं आम्हाला घरोघरी न्यायला सुरुवात केली. पहिल्या घरी गेलो तर पुढं लाल प्लॅस्टिकची खुर्ची मांडलेली, शेजारी टेबलफॅन सुरू, आणि निळ्या फुलांच्या कपबशीत चहा. मी कागदाशी ताडून पाहिलं. पंखा, खुर्ची, कपबश्या, सगळं नोंदलेलं होतं. दुसऱ्या घरीही तसंच. तिसऱ्या घरी खुर्चीच्या हातावर माझा हात पडला. खुर्चीचा तो हात तडकलेला होता आणि तांब्याच्या तारेनं शिवला होता. ही तार मी आधीच्या घरीही पाहिली होती. चौथ्या घरी मी मुद्दाम लगबगीनं गेले, आणि बसले तर खुर्ची गरम होती, माझ्याच बसण्यानं.

मी ग्रामसेवकाला थांबवलं आणि घराच्या मागं गेले. एक बाई पंखा काखेत मारून आणि दुसरी कपबश्यांचं ताट पदराखाली धरून पुढच्या घराकडं निघाल्या होत्या. मला पाहून दोघी जागच्या जागी उभ्या राहिल्या.

पंखा आणि खुर्ची बालवाडीची, भूकंपानंतर कुठल्याशा संस्थेनं दिलेली. कपबश्या कुणाच्या लग्नातल्या. भूकंपानंतरची दोन वर्षं गावात रोज मोठमोठी माणसं येत, आणि त्यांना दगडावर बसवायचं का, म्हणून गावानं हा रिवाज पाडला होता. पाहुणा ज्या घरी जाईल त्याच्या आधी सामान मागच्या दारानं तिथं पोचायचं. पहिल्या पाहणीवाला मास्तर आला तेव्हाही पोचलं. त्यानं जे दिसलं ते लिहिलं, आणि एक पंखा सगळ्या गावाच्या कागदावर चढला.

आमच्याकडं असा कुणी मोजायला आला की टीव्हीवर गोधडी पडते आणि मोटरसायकल भावकीच्या गोठ्यात जाते. मला हसू आलं, आणि मग माझा आवाज चढला. तुम्हाला कळत नाही का, हा कागद गरिबांसाठी आहे, असं मी त्या बायकांना म्हणाले. अशा वेळी माझं बोलणं फार वाईट लागतं. त्या दोघींतल्या थोरलीनं पंखा खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच वजन एका पायावर घेतलं.

"गरिबी लिवायची ती लिवा की, बाई. आमी न्हाई कधी म्हणलं?" ती म्हणाली. "पन दारात आलेल्या मानसाला ती दाखवायची व्हय?"

ती कौसाबाई होती.

तिच्या घरी मी खुर्चीवर बसले नाही. छपराखाली पोत्यावर बसले. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी तिनं मला आणि रहीमभाईंना वाढली. स्वतः जेवली नाही, सकाळी जेवले म्हणाली. चूल थंडच होती आणि मोडली तेव्हा भाकरीतून वाफ आली; ती शेजारून आली होती, हे मला तेव्हा कळलं. दारात कुत्रं नव्हतं. रहीमभाईंनी ते पाहिलं आणि मीही पाहिलं.

मी विचारायच्या आतच तिनं पोरीचं काढलं. माझी अनिता लातूरला असते. तुम्ही लातुरावरूनच आलात, दिसली असंल एखाद्या वेळी. मी ठरल्याप्रमाणं सांगितलं, हो, क्लासच्या दारात भेटली, घाईत होती. कौसाबाईनं माझ्या तोंडाकडं जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "घाईतच असती ती," आणि मला आणखी आमटी वाढली.

पिंपळवाडी, दुसरा दिवस

आदल्या दुपारपासून अंधार पडेपर्यंत मी गावाचे सगळे कागद दुरुस्त केले. पंखा काढला, खुर्ची काढली, कपबश्या काढल्या. पाय दुखेपर्यंत उन्हातून फिरले आणि प्रत्येक घरात फक्त त्या घरचं आहे तेवढंच लिहिलं. कौसाबाईच्या घराचे चार गुणही मला काढायचे होते, कारण ती राहत होती पत्र्याखाली. ग्रामसेवकानं मान हलवली. घर पक्कं आहे आणि तिच्या नावावर आहे, ते तसंच लिहावं लागेल. मी वाद घातला आणि हरले. तरी बाकीचे गुण उतरल्यावर तिचा आकडा बराच खाली आला होता. मनातल्या मनात मी तिचा पाय बरा करूनच टाकला.

पण पंखा सगळ्यांचाच गेला होता. सगळं गावच खाली आलं, आणि कार्डं होती तेवढीच राहिली. नवी यादी लावल्यावर शेवटचं एक कार्ड उरलं आणि त्याच्यासमोर सारख्या गुणांची दोन घरं. एक कौसाबाईचं. दुसरं दगडूअण्णाचं, जो तिच्या रांगेतच राहायचा, दुसऱ्याचं रान करायचा, आणि ज्याची आई पूर्ण आंधळी होती. आदल्या दिवशीची भाकरी त्याच्याच घरून आली होती. असं झालं तर ग्रामसभेनं ठरवायचं, असा नियम.

शाळेच्या वऱ्हांड्यात सकाळी दहाला सभा भरली. ग्रामसेवकानं नावं वाचली. ज्या माणसांनी आदल्या दिवसापर्यंत एक पंखा मिळून सगळ्यांच्या घरी पोचवला होता, ती आता हळूहळू बोलायला लागली. अमक्याच्या घरी शिलाई मशीन आहे, ती लपवली. तमक्याचा जावई रोज फटफटीवर येतो. आवाज चढले नव्हते, पण जो बोलायचा तो ज्याच्याविषयी बोलायचा त्याच्याकडं बघत नव्हता. हे मी त्यांना करायला लावलं होतं. खोटे कागद होते तेव्हा गाव एक होतं. मी खरे केले आणि ते असं झालं. तिथं बसून मला माझ्याच नेटकेपणाचा राग आला.

शेवटच्या कार्डाची वेळ आली तेव्हा दगडूअण्णा उठून उभा राहिला. साठीचा माणूस, टोपी हातात घेतलेली.

"कौसावहिनीचं वाईट चितीत न्हाई मी," तो म्हणाला. "पन तिची पोरगी लातुरात क्लासला हाय. सगळ्या गावाला ठाव हाय. क्लासला घालनारा गरीब कसा म्हनावा? माझ्या घरी शिकनारं कुनी न्हाई."

त्याचं बोलणं रास्त होतं. कागदावर तो प्रश्न होताच, पोरं शिकतात की मजुरी करतात. शिकत असतील तर गुण वाढतात. मजुरी करत असतील तर कमी होतात. अनिता मजुरी करते एवढे तीन शब्द मी बोलले असते तर कार्ड कौसाबाईचं होतं. पाय बरा होणार होता. माझ्या हातात पेन होतं आणि तो रकाना माझ्यासमोर कोरा होता.

ग्रामसेवकानं विचारलं, "काकू, पोरगी शिकते का?"

कौसाबाई भिंतीला धरून उठली. तिनं आधी दगडूअण्णाकडं पाहिलं, मग सभेकडं आणि मग माझ्याकडं. मी तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. तिनं नाही म्हणून मान हलवली. फार थोडी, माझ्याशिवाय कुणाला दिसली नसेल.

"हाव," ती म्हणाली. "शिकून राहिली माझी पोरगी."

मी लिहिलं, शिकत आहे. कार्ड दगडूअण्णाला गेलं. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. सभा उठली तेव्हा वऱ्हांड्याच्या पायऱ्या उतरायला त्यानंच तिला हात दिला.

ती जीपपर्यंत आमच्याबरोबर आली. मी नको म्हणत होते, तरी लंगडत आली. रहीमभाई मुद्दाम बॉनेट उघडून पाणी बघत बसले. मी तिला म्हणाले, कौसाबाई, मी बोलणार होते. ती म्हणाली, म्हणून तर मान हलवली.

शिमग्याच्या आधी ती पाय दाखवायला लातूरला गेली होती. आलोच आहे तर पोरीला बघून जावं म्हणून विचारत विचारत क्लासवर पोचली. तिथल्या माणसानं वही बघून सांगितलं, या नावाची पोरगी दिवाळीपासून येत नाही. ती समोरच्या झाडाखाली बसून राहिली. दुपारी मागच्या गल्लीच्या तोंडाशी तिला अनिता दिसली, मोठं पातेलं घासताना. ती उठली नाही, हाक मारली नाही. तीनच्या एसटीनं परत आली आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सांगितलं की पोरगी अभ्यासानं वाळलीय.

"तिला वाटतंय मला ठाव न्हाई," कौसाबाई म्हणाली. "आईला सुखात ठिवलं म्हनून ती तिथं हसून राहिली असंल. आज तुमी बोलला असता तं सांजच्याला तिच्या कानावर गेलं असतं. मंग ती कुनासाठी राहिली असती तिथं?"

पाय, मी म्हणाले. पायाचं काय?

"पाय हाय की," ती म्हणाली. "चालून राहिला."

पुन्हा लातूर

परतीच्या वाटेवर मला त्या गल्लीत जायचं नव्हतं. रहीमभाईंनी न विचारता गाडी तिकडंच घेतली. पोरीला यादी बघतो म्हणून आपण सांगून आलो होतो, म्हणाले.

दुपारची गर्दी ओसरली होती. अनिता आम्हाला पाहून उठली आणि हात पुसत नळाजवळ आली. पहिलं तिनं विचारलं ते हेच, आईला कळू दिलं नाही ना? नाही, मी म्हणाले. मग आई काय म्हणाली, असं तिनं विचारलं.

"म्हणाली, माझी पोरगी शिकतेय. सगळ्या गावासमोर उभं राहून म्हणाली."

ती हसली. दोन दिवसांपूर्वी तिचा चेहरा मी पाहिला होता, तो हा नव्हता. हसल्यावर ती फार लहान दिसत होती. मग तिनं विचारलं, यादीत नाव लागलं का.

मी तिला सांगितलं की थोडक्यात हुकलं. कशानं, म्हणाली. मी म्हणाले, घर पक्कं आहे ना, त्याचे गुण जास्त पडले. खोटं बोलताना माझी जीभ अडखळते, तेव्हा मात्र अडखळली नाही.

अनितानं ते लगेच मान्य केलं. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "त्या घरात ती एक दिवस नीट निजली न्हाई, आन् तेच नडलं बगा." थोडा वेळ ती नळाच्या तोटीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "असू द्या, मॅडम. आईचा पाय मी करून आनते. इथंच राहून करते. तुमी तिला म्हणू नका, मी विचारलं म्हणून."

नाही म्हणत, असं मी तिला सांगितलं. आत कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

जीपमध्ये बसले आणि मला रडू आलं. मी अशी कुणासमोर रडत नाही. भर उन्हाची वेळ, गाडी भट्टीसारखी तापलेली, आणि रस्त्यावर नुकतीच कुठलीतरी बॅच सुटलेली. रहीमभाई खाली उतरले, माझ्या बाजूचा ताडपत्रीचा पडदा सोडून बांधला, आणि मग कितीतरी वेळ त्यांनी गाडी सुरूच केली नाही.